किल्ली मालकाच्या खिशात, बंब दारात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पेठेत बोहरी आळीजवळ माझं किल्ल्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे टपरीवजा गाळा, एक व्हाइस, दोन मशीन आणि भिंतभर लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या. वडिलांच्या वेळी सगळं कानशीवर चालायचं, आता मशीन आलं, एवढाच फरक. बिलं सोडून मी फारसं काही लिहीत नाही. पण आगीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं, 'जवानांनी कुलूप तोडून आत प्रवेश केला', आणि वाचणारा ते वाचून पुढच्या बातमीकडे वळतो. माझं मात्र तिथेच अडतं. कुठलं कुलूप होतं, ते तोडायला किती वेळ लागला असेल आणि त्याची किल्ली त्या वेळी कुठे होती, हेच डोक्यात येतं.

माझी मागणी साधी आहे. दुकानं, ऑफिसं, क्लास, गोदामं असलेल्या प्रत्येक व्यापारी इमारतीच्या दाराशी एक भक्कम पोलादी पेटी भिंतीत पक्की बसवावी. त्या पेटीत इमारतीच्या सामाईक भागांच्या सगळ्या किल्ल्या असाव्यात आणि ती पेटी फक्त अग्निशमन दलाला उघडता यावी. कुलपं बसवायला मी आजवर पेठांतल्या, कॅम्पातल्या आणि सातारा रस्त्यावरच्या कितीतरी इमारतींत गेलो. एकाही ठिकाणी मला अशी पेटी दिसलेली नाही.

रात्री दहानंतर व्यापारी इमारतीत काय काय बंद असतं, ते आधी सांगतो. रस्त्यावरून दिसतात ती शटर. त्यांचं मला एवढं काही वाटत नाही, त्याचं कारण पुढे येईल. अडचण आतल्या कुलपांची आहे. तळमजल्यावर चॅनल गेट. पहिल्या मजल्याच्या चौकात लोखंडी ग्रिल, कारण जिन्यात कोणीतरी येऊन झोपतं, दारू पितं, पान थुंकतं. वर गच्चीचं दार, कारण तिथे मोबाइलचा टॉवर आहे किंवा पाण्याच्या टाकीची भीती आहे. मीटर रूम, लिफ्टची मशीन रूम, तळघर, पंप रूम. यांपैकी प्रत्येकाचं कुलूप वेगळं, वेगवेगळ्या साली घेतलेलं आणि वेगवेगळ्या माणसाने बसवलेलं.

पंप रूमचं तर नवलच आहे. पाइप, हायड्रंट, सगळं बिल्डरने लावलेलं असतं. सेक्रेटरी पाहुण्यांना कौतुकाने लाल पाइप दाखवतात. पण ते पाणी वर चढवणाऱ्या पंपाची खोली बंद असते आणि तिची किल्ली असते प्लंबरकडे. प्लंबर राहायला हडपसरला. आगीची नळी ठेवायच्या होजबॉक्सची तीच गत. त्यातलं पितळी नॉझल चोरून भंगारात विकतात, म्हणून मंडळी मला बोलावतात आणि काचेच्या त्या लाल पेटीला कडी-कोयंडा लावून घेतात. आता काच फोडून नळी काढता येते, हे खरं. पण ज्या कमिटीला नॉझलची एवढी काळजी आहे, तिला त्या कुलपाची किल्ली कुठे आहे असं विचारा. एकमेकांकडे बघतील.

या सगळ्या किल्ल्या असतात कुठे? गाळेवाले दुकान बंद करून बिबवेवाडी, कोथरूड, बाणेरला घरी गेलेले असतात. सेक्रेटरीचा फोन सायलेंटवर. गणपतीच्या दिवसांत तर मालक निघाला तरी त्याची गाडी लक्ष्मी रस्त्यापर्यंत पोचत नाही. मग उरतो वॉचमन आणि त्याच्या टेबलाच्या खणातला जुडगा.

तो जुडगा एकदा बघण्यासारखा असतो. जाड तारेत ओवलेल्या पंचवीस-तीस किल्ल्या. त्यांतल्या निम्म्या अशा कुलपांच्या, जी कधीच भंगारात गेली. एखाद्या किल्लीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला असतो, त्यावर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं, आणि ते हाताच्या घामाने पुसून निळा डाग झालेला. गंजलेल्या किल्ल्या एकमेकींना चिकटलेल्या. दोन किल्ल्या वाकड्या, कारण कोणीतरी त्यांनी पेंटचा डबा उघडलेला. वॉचमन बिचारा तीन महिन्यांपूर्वी एजन्सीकडून आलेला, त्याला त्यातल्या चार माहीत. बाकीच्या त्याच्याही आधीच्या वॉचमनकडून वारशाने आलेल्या.

आमच्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडे अशीच एक चार मजली इमारत आहे. नाव लिहीत नाही, सगळे ओळखीचे आहेत. एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या एका ऑफिसात इन्व्हर्टरची बॅटरी पेटली. शेजारच्या वाड्यातल्या कोणीतरी वर्दी दिली आणि दुसऱ्या कोणीतरी मला फोन केला, 'किल्लीवाले, लवकर या.' मी होतो तसा, लुंगीवर, पेटी घेऊन स्कूटरवरून पोचलो, तर बंब माझ्या आधी आलेला. चॅनल गेटचं कुलूप जवानांनी कटरने केव्हाच उडवलं होतं. पण ते अडले होते पहिल्या मजल्याच्या ग्रिलपाशी. त्या ग्रिलला कुलूप लटकत नव्हतं, आतल्या बाजूने लॅच बसवलेलं होतं, वर पोलादी पट्टी वेल्ड केलेली. म्हणजे कटरच्या तोंडात धरायला काहीच नाही. वॉचमन मोबाइलच्या उजेडात एकेक किल्ली लावून बघत होता. धूर जिन्यातून खाली येत होता, त्याचे हात थरथरत होते, एक किल्ली अर्धी आत जाऊन अडकली. नंतर कळलं की दिवाळीच्या सुमारास चोरी झाल्यावर कमिटीने ते लॅच बदललं होतं. नवी किल्ली खजिनदारांकडे, आणि खजिनदार लग्नाला बारामतीला.

शेवटी जवानांनी ग्राइंडर लावून पट्टी कापली आणि ग्रिल निघालं. आग तशी लहानच होती, माणूस कोणी आत नव्हता. तरी तोवर त्या मजल्यावरची चारही ऑफिसं काळी झाली आणि एका सीएच्या कपाटातल्या फायली, ज्या जळल्या नव्हत्या त्या, पाण्याने गेल्या. ते लॅच साधं पाच पिनांचं होतं. योग्य किल्ली हातात असती तर 'किल्ली' हा शब्द उच्चारायला लागतो तेवढ्या वेळात ते उघडलं असतं.

दुसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग झाली. त्यात ग्रिल दुरुस्तीचा खर्च कोणी द्यायचा यावर बराच वेळ गेला. किल्ल्यांचा विषय निघाला नाही.

आता कोणी म्हणेल, दार तोडायचा अधिकार दलाला आहे, कटर आहे, पहार आहे, मग किल्ली हवीच कशाला? शटरच्या बाबतीत मी हे मान्य करतो. शटरला खाली दोन बाजूंना साइड लॉक, मध्ये सेंटर लॉक आणि वर दोन नवताल कुलपं लावलेली असली, तरी जाणते जवान कुलपांच्या नादी लागत नाहीत. ते पट्ट्यांमध्येच खिडकी कापतात. प्रत्येक गाळ्याची किल्ली पेटीत ठेवा असं कोणी सांगितलं, तर मीच विरोध करीन. कोणता सराफ ठेवील?

पण तोडण्याची एक किंमत असते, आणि ती पैशांत नसते. माझं एक जुनं गिऱ्हाईक दलातून तांडेल, म्हणजे जवानांचा म्होरक्या, म्हणून निवृत्त झालं. ते दुकानात चहाला बसले की या गोष्टी निघतात. बंद खोलीत आग कोंडली की ती हवेसाठी वखवखलेली असते. दार भसकन उघडलं की बाहेरची हवा आत घुसते आणि भडका उडतो. म्हणून जवान आधी दाराला हात लावून बघतात, खाली वाकतात, दार थोडं किलकिलं करतात, पाण्याचा फवारा आत मारतात, गरज पडली तर पुन्हा बंद करतात. किल्लीने उघडलेलं दार पुन्हा लावता येतं. कापलेलं दार लावता येत नाही. जिन्याचं दार एकदा मोडलं की धुराला वरच्या सगळ्या मजल्यांचा रस्ता मोकळा झाला. ते म्हणायचे, 'अरे, दार हे आमचं हत्यार आहे, आणि आम्हाला पहिलं तेच मोडावं लागतं.' शिवाय पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा मोजकी. ती ग्रिल कापताना खर्च झाली, तर आत शोधायला तेवढी कमी उरते.

गच्चीच्या दाराबद्दल तर बोलायलाच नको. कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या स्टीफन कोर्टला २३ मार्च २०१० रोजी आग लागली, ४३ माणसं गेली. जीव वाचवायला वर धावलेल्यांचे मृतदेह गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात सापडले. गच्ची बंद होती. तो दिवस मंगळवार होता, कामाचा, भर दुपारचा. म्हणजे हा प्रश्न रात्रीपुरता नाही.

इथे एक गल्लत होऊ नये. पुण्याच्या वाचकांना हा विषय निघाला की कोंढवा आठवेल. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे तिथल्या बेकरीत सहा कामगार गेले. बाहेरून कुलूप होतं. उरुळी देवाचीच्या कापड दुकानात ९ मे २०१९ च्या पहाटे पाच कामगार गेले. तिथेही बाहेरून कुलूप. चिखलीत पूर्णानगरला ३० ऑगस्ट २०२३ रोजी दुकानातच राहणारं एक अख्खं कुटुंब गेलं, आईवडील आणि दोन मुलगे. या माणसांसाठी मी किल्लीची पेटी मागत नाही. बाहेरून कुलूप लावून आत माणसं झोपवणं हा कुलपाच्या व्यवस्थेतला दोष नाही, तो गुन्हा आहे, आणि त्यावर पेटी हा इलाज सांगणं म्हणजे त्या गुन्ह्याला सोय करून देणं. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्पष्ट आहे की बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. माझ्याकडे कधीमधी गिऱ्हाईक येतं, 'पोरं रात्री बाहेर हिंडतात, आतून उघडणार नाही असं लॉक द्या.' त्याला मी कुलूप देत नाही. समोरचा देतो, तो भाग वेगळा.

मी बोलतोय ते बाहेरून आत जाणाऱ्यांबद्दल.

ही पेटी काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. अमेरिकेत ती पन्नासेक वर्षं आहे. तिथे नॉक्स नावाची कंपनी १९७५ पासून अशा पेट्या बनवते. तिथल्या अग्निसुरक्षेच्या नियमावलीत किल्लीच्या पेटीसाठी वेगळं कलम आहे, कुठल्या इमारतीला ती लावायची हे सांगण्याचा अधिकार अग्निशमन अधिकाऱ्याला आहे, आणि कुलूप बदललं की मालकाने ताबडतोब दलाला कळवून नवी किल्ली पेटीत ठेवायची, हेही त्यातच लिहिलेलं आहे. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे येतो.

माझा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला एका गाड्यांच्या कंपनीत आहे. त्याच्याकडे गेलो तेव्हा लोक किल्ले आणि चर्च बघतात, मी दारांची कुलपं बघत फिरलो. सुनेला जरा लाज वाटली असावी. त्याच्या ऑफिसच्या दाराशेजारी भिंतीत तळहाताएवढं पोलादी झाकण दिसलं, भिंतीशी अगदी सपाट, नखसुद्धा शिरणार नाही असं. जवळच एक छोटा दिवा, आग लागली की लुकलुकणारा, म्हणजे रात्री गाडीतून उतरल्या उतरल्या जागा सापडावी. त्या पेटीला दोन झाकणं असतात. बाहेरचं झाकण किल्लीने उघडतच नाही. इमारतीतली आगीची यंत्रणा वाजली की तेच सुटतं. आतल्या झाकणाला दलाची किल्ली लागते. आत ठेवलेली इमारतीची किल्ली जागेवर आहे की नाही, यावरही यंत्रणेचं लक्ष असतं. म्हणजे उद्या दलाची किल्ली एखाद्या चोराच्या हाती पडली, तरी आग नसताना ती त्याच्या काही कामाची नाही. कुलूप बनवणाऱ्याने कुठून विचार केला असेल, या कौतुकात मी तिथे उभाच राहिलो. आतून सिक्युरिटीवाला बाहेर आला तेव्हा मुलगा म्हणाला, चला बाबा.

कौतुक पुरे. या व्यवस्थेला एक मोठं भोक आहे, आणि किल्लीवाल्याने ते लपवू नये. शहरभरच्या पेट्या एकाच किल्लीने उघडत असतील, तर ती एक किल्ली हरवली की सगळं शहर उघडं. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली एका वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने शहरातल्या लिफ्ट, वीज आणि सार्वजनिक दारं उघडणाऱ्या मास्टर किल्ल्यांचा पाच किल्ल्यांचा जुडगा इंटरनेटवरून दीडशे डॉलरला विकत घेऊन दाखवला. विकणारा आमच्याच धंद्यातला होता.

म्हणून पुण्यात करायचं तर दोन गोष्टी पाळाव्यात. एक, या पेटीच्या किल्लीचं ब्लँक, म्हणजे कोरी किल्ली, बाजारात मिळता कामा नये. बोहरी आळीत आज कुठल्याही नामवंत कुलपाचं ब्लँक सुटं मिळतं, मी स्वतः विकतो. या पेटीची खाच वेगळी हवी आणि ब्लँक बनवणाऱ्याने दलाच्या पत्राशिवाय एकही देऊ नये. दुसरं, सगळ्या शहराला एक किल्ली नको. प्रत्येक अग्निशमन केंद्राच्या हद्दीला एक करावी. मग एखादी हरवली, तर त्या हद्दीतल्या पेट्यांचे सिलिंडर, म्हणजे कुलपातला किल्ली फिरते तो भाग, बदलून काम भागतं. शेजारच्या केंद्राची गाडी मदतीला आली तर काय? गाडीवर तीन-चार किल्ल्या जास्त ठेवा, त्यात काही जड नाही. कोणी हुशार सुचवील की वर एक मास्टर किल्ली करू, जी सगळ्या हद्दींत चालेल. करू नका. कुलपात किल्लीने उचलल्या जाणाऱ्या बारीक पिना असतात, मास्टरसाठी त्यांचे जादा तुकडे घालावे लागतात, आणि जितके तुकडे जास्त, तितक्या चुकीच्या किल्ल्याही त्यात फिरायला लागतात. कुलूप सैल होतं. हे मला आयुष्यभर व्हाइसवर बसून कळलेलं आहे, कुठे वाचलेलं नाही.

गाडीवरची ती किल्लीसुद्धा उघडी लटकवायची नाही. परदेशात ती गाडीतल्याच एका छोट्या खोक्यात अडकवलेली असते. जवानाने आपला आकडा दाबल्याशिवाय ती सुटत नाही, आणि कोणी, केव्हा काढली याची नोंद राहते. दलाच्या माणसांवर उद्या कोणी खोटा आळ घेऊ नये, यासाठीही ही नोंद हवी. आगीनंतर 'माझ्या ड्रॉवरमधले पन्नास हजार गेले' म्हणणारा एक तरी निघतोच.

व्यापारी मंडळींचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय: 'म्हणजे चोरांची सोय!' अहो, आपल्याच पेपरात रोज काय छापून येतं? 'शटर उचकटून चोरी.' चोर किल्ली शोधत बसत नाही, तो कटावणी घेऊन येतो. आणि पेटीत गाळ्याची किल्ली नसणार, तिजोरीची नसणार. जिना, गच्ची, मीटर रूम, पंप रूम, लिफ्टची मशीन रूम आणि तळघर, एवढ्याच. ज्या जिन्यात दिवसभर चहावाला, कुरिअरवाला आणि तुमचं अख्खं गिऱ्हाईक फिरतं, त्या जिन्याच्या किल्लीचं एवढं गुपित कसलं? ज्याला आपल्या ऑफिसची किल्लीही ठेवायची असेल त्याने खुशाल ठेवावी, सक्ती नको. पेटी फोडायचा प्रयत्न झाला तर वाजेल अशी घंटा तिला जोडता येते. खर्चाचं म्हणाल तर जाड पोलादाची चांगली पेटी, सिलिंडरसकट, एका मोठ्या शटरच्या खर्चात सहज बसेल. तीही एका गाळ्याला नाही, अख्ख्या इमारतीला एक. जर्मन पद्धतीची दोन झाकणांची पेटी बाणेर-हिंजवडीच्या नव्या इमारतींत शक्य आहे, तिथे आगीची यंत्रणा असते. पेठांतल्या जुन्या इमारतींना साधी पेटी पुरे.

पेटी लावणं हा सोपा भाग. ती खरी ठेवणं अवघड. कुलूप बदलतं आणि किल्ली बदलत नाही, हा माझ्या धंद्याचा रोजचा अनुभव. गच्चीचं कुलूप गंजलं म्हणून टॉवरवाल्यांच्या माणसाने स्वतःचं लावलं. मीटर रूमला वीज कंपनीच्या वायरमनने दुसरं लावलं. पेटीत मात्र जुन्याच किल्ल्या शिस्तीत टांगलेल्या. अशी पेटी नसलेली बरी, कारण तिच्यावर विसंबून जवान दोन मिनिटं जास्त घालवतील.

यासाठी नवीन कायदा लागत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याला सगळे फॉर्म बी म्हणतात. त्याच फॉर्मबरोबर एक ओळ वाढवावी: पेटीतली प्रत्येक किल्ली तिच्या कुलपात प्रत्यक्ष फिरवून पाहिली. फिरवून, नुसती मोजून नाही. हे काम अर्ध्या तासाचं आहे. एजन्सीच्या माणसाला तळघरापासून गच्चीपर्यंत चालावं लागेल, हा त्यातला जादा फायदा. आज कित्येक ठिकाणी तो खुर्चीत बसूनच सह्या करतो असं इमारतीतले लोकच सांगतात. आणि नव्या इमारतीला अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला देताना पेटी बसवल्याची अट घातली, तर पुढची पिढी तरी या कटकटीतून सुटेल.

जागाही ठरवून द्यावी. इमारतीच्या दर्शनी बाजूला, बंबाची नळी जोडायची लाल तोंडं जिथे असतात, त्याच्या शेजारी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. जवान उतरल्यावर पहिले तिथेच जातात. जिथे तशी तोंडं नाहीत तिथे मुख्य दाराच्या उजव्या हाताला, सगळ्या शहरात उजव्याच हाताला, म्हणजे शोधावी लागणार नाही. तिच्यापुढे फ्लेक्स, कुंड्या, स्कूटर आणि गणपतीच्या मांडवाचा बांबू येऊ देऊ नये. हे शेवटचं लिहिताना मलाच हसू येतंय, पण लिहून ठेवतो.

आत किल्ल्यांना पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकचे टॅग नकोत. ॲल्युमिनियमचे बिल्ले करावेत आणि त्यावर अक्षरं ठोकून उमटवावीत: जिना १, गच्ची, पंप. हातमोजा घातलेल्या हाताला, धुरात, बॅटरीच्या उजेडात वाचता येईल एवढं मोठं अक्षर. गच्चीच्या बिल्ल्याला एक भोक, पंपाच्या बिल्ल्याला दोन, असं केलं तर न वाचताही कळेल. आम्ही दुकानात असे बिल्ले करून देतो, एकाला चहाच्या दोन कपांएवढा खर्च येतो. ही जाहिरात समजू नये, कोणाकडूनही करून घ्यावेत.

महापालिकेचा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर सेक्रेटरी मंडळींनी या रविवारी एक तास काढावा आणि वॉचमनच्या खणातला तो जुडगा घेऊन इमारतभर फिरावं. जी किल्ली कुठेच लागत नाही ती तारेतून काढून टाकावी. जे कुलूप कुठल्याच किल्लीने उघडत नाही ते आधी बदलावं. जिन्याच्या ग्रिलला आतून लॅच असेल तर ते काढून साधं लटकतं कुलूप लावावं, म्हणजे निदान कटरला धरायला काहीतरी मिळेल. आणि इमारतीपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्या दोन माणसांचे फोन नंबर चॅनल गेटवर रंगाने लिहावेत. बाणेरला राहणाऱ्या चेअरमनसाहेबांचा नंबर तिथे असून उपयोग नाही.

माझं नाव छापू नये ही विनंती. वर ज्या इमारतीचा किस्सा लिहिला, तिचं आगीनंतरचं नवं लॅचही मीच बसवून दिलं आहे आणि त्याचं बिल अजून यायचं आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक किल्लीवाला
रविवार पेठ, पुणे